दहा टक्के वजन जाईपर्यंत थांबू नका : एमएनडीच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांवर उपचार करणारे न्यूरॉलॉजिस्ट, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि या रुग्णांच्या तपासणीचे नियम ठरवणाऱ्या समित्या

विषय : रुग्णांची भूक आणि वजन यांकडे होणारे दुर्लक्ष

सन्माननीय डॉक्टर आणि पदाधिकारी यांस,
सविनय नमस्कार.

माझ्या पतींना मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे एमएनडी, आहे. यात स्नायू हलवणारे मज्जातंतू मरत जातात आणि हातपाय, गिळणं, श्वास हळूहळू दुबळे होतात. त्यांचे उपचार जिथे चालतात त्या रुग्णालयात अलीकडे एक नवा नियम झाला. एमएनडीच्या क्लिनिकमध्ये बसणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई आता तिथे बसणार नाहीत. रुग्णाचं वजन आजारापूर्वीच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांनी घटलं, तरच त्यांच्याकडे जाण्याची चिठ्ठी मिळेल. मधल्या तपासण्या शक्यतो फोनवर होतील. याचं कारण विचारलं तेव्हा मनुष्यबळ कमी असल्याचं सांगण्यात आलं.

हा नियम मला मान्य नाही. गप्प बसले तर तो मान्य असल्यासारखं होईल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम देत नाही. एका इमारतीकडे बोट दाखवलं की बाकीच्यांना आपण सुटलो असं वाटतं, आणि या आजारात वजनाकडे उशिरा बघण्याची सवय एकाच इमारतीपुरती नाही.

आधी या दहा टक्क्यांचा हिशेब मांडते. साठ किलोच्या माणसाचे दहा टक्के म्हणजे सहा किलो. निरोगी माणसाचे सहा किलो तापात किंवा ऑपरेशननंतर गेले, तर काही महिन्यांत भरून येतात. एमएनडीत मज्जातंतू मेल्यामुळे वाळलेला स्नायू परत येत नाही. चरबी परत मिळवायची म्हटलं, तर ज्या हातांनी आणि ज्या तोंडाने खायचं तेच रोज थोडे दुबळे होत असतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की निदानाच्या वेळी नेहमीच्या वजनात पाच टक्के घट झालेली असली, तर मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. फ्रान्समधल्याच १९९९ च्या एका अभ्यासात कुपोषित रुग्णांच्या मृत्यूचा धोका इतर रुग्णांच्या जवळजवळ आठपट निघाला होता. यातलं तुम्हाला काहीच नवीन नाही, हे मला माहीत आहे. मी हे तुम्हाला शिकवायला लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट तुमच्या नियमात का उतरली नाही, एवढंच विचारते आहे. पाच टक्क्यांची घट धोक्याची मानली जात असताना तुमचा नियम ती दुप्पट होऊ देतो आणि मग दार उघडतो.

माझ्या पतींच्या बाबतीत वजनाच्याही आधी भूक गेली. तेव्हा त्यांना गिळायचा काहीच त्रास नव्हता. एक हात दुबळा झाला होता, चालताना पाऊल अडखळत होतं, बोलणं मात्र स्वच्छ होतं. जेवायला बसायचे आणि चार घासांत थांबायचे. तपासणीच्या वेळी त्यांनी स्वतः सांगितलं, ‘डॉक्टर, भूकच लागत नाही.’ उत्तर आलं, ‘टेन्शनमुळे होतं असं.’ मग हातोडीने गुडघ्यावर ठोकून बघितलं, पकडीची ताकद मोजली, चालून दाखवायला सांगितलं. प्रत्येक तपासणीत याच गोष्टी व्यवस्थित झाल्या, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण या मोजमापांतून आजार किती पुढे गेला हे कळलं. त्याला थोपवायला आमच्या हातात जे होतं, त्याचं मोजमाप कुणी केलं नाही.

टेन्शन होतं, हे खरंच आहे. असा आजार आहे म्हटल्यावर कुणाला नसेल? पण भूक जाण्याची सगळी जबाबदारी रुग्णाच्या मनावर टाकणं अन्यायाचं आहे. भूक आणि ऊर्जेचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, काही रुग्णांमध्ये आकसलेला असतो आणि त्याचा वजनाशी संबंध दिसतो, हे एमआरआयच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. रात्री झोपेत श्वास उथळ झाला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. माणूस सकाळी डोकं धरून उठतो आणि त्याला अन्न नकोसं वाटतं. जेवणानंतर भरलेलं पोट आधीच दुबळ्या झालेल्या श्वासपटलाला वर ढकलतं, त्यामुळे पोटभर जेवल्यावर धाप लागते, आणि एकदा अशी धाप लागलेला माणूस पुढच्या वेळी आपोआप कमी खातो. हालचाल थांबल्यामुळे बद्धकोष्ठता होते. लाळ आटोक्यात ठेवायला दिलेल्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, लाळ चिकट होते आणि बद्धकोष्ठता आणखी वाढते. कोरड्या तोंडाला चव लागत नाही.

औषधाचीही एक गोष्ट आहे. रायलुझोल या आजारासाठी १९९५ पासून वापरात आहे. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची असते. काहींना तिने मळमळतं. ज्या माणसाला एक जेवण उरकायला तासाहून जास्त वेळ लागतो, ज्याला थोडं थोडं पण वारंवार खा असं सांगितलेलं आहे, त्याने दिवसात उपाशी पोटाच्या दोन वेळा कुठे बसवायच्या? गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. दिवसाचं वेळापत्रक रुग्णाबरोबर बसून आखून देणारा माणूस हवा, असं म्हणते आहे. आमच्या घरी ते आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलं होतं. नव्या नियमाने त्याच बाई क्लिनिकमधून गेल्या.

आता खर्चाची बाजू बघा. म्हणजे शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाची. स्नायू आटत असताना शरीराला कमी अन्न लागेल असं कुणालाही वाटेल. घरी भेटायला येणारेही तेच म्हणतात, ‘बसूनच तर असतात, किती लागणार?’ प्रत्यक्षात या आजाराच्या बऱ्याच रुग्णांमध्ये, काही अभ्यासांनुसार जवळजवळ निम्म्यांमध्ये, विश्रांतीच्या अवस्थेतलाही ऊर्जेचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त असतो. सरासरी वाढ दहा टक्क्यांच्या आसपास भरते. एकीकडे शरीर जास्त जाळतं आणि दुसरीकडे पोटात कमी जातं. या दोन्हींमधली फट रोज थोडी थोडी मांसातून आणि चरबीतून भरली जाते. युरोपच्या क्लिनिकल न्यूट्रिशन संस्थेच्या, म्हणजे एस्पेनच्या, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम श्वसनावर नसलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ३० कॅलरींचा अंदाज धरावा आणि वजन व हालचाल पाहून तो बदलत राहावा. म्हणजे वजन सतत माहीत असायला हवं. ते माहीत नसेल, तर हा सल्ला कागदावरच राहतो.

इथून माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार वजनाच्या रकान्याची आहे. माझ्या पतींना आधाराशिवाय उभं राहता येईनासं झालं, तेव्हापासून त्यांच्या केसपेपरवर वजनाचा रकाना कोरा आहे. काट्यावर उभं राहता येत नाही, म्हणून वजन नाही. वजन नाही, म्हणून घट नाही. घट नाही, म्हणून चिठ्ठी नाही. ज्या रुग्णांना आहाराच्या सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच हा नियम बाहेर ठेवतो. खुर्चीसकट वजन करणारे काटे असतात. रुग्णाला उचलणाऱ्या होइस्टला जोडायचे काटे असतात. व्हीलचेअरचं वजन एकदा वेगळं करून वजा करायचं, दर वेळी तीच खुर्ची आणि साधारण तसेच कपडे ठेवायचे, एवढीच शिस्त लागते. ज्या इमारतीत एमआरआय मशीन आहे, तिथे व्हीलचेअरचा काटा आणणं अशक्य आहे, हे मला पटत नाही. तोही नसेल, तर दंडाचा घेर मोजायला एक टेप पुरते. घेरावरून किलो कळत नाहीत, पण माणूस आटतो आहे हे नक्की कळतं.

वजनाचा आकडाही एकटा पुरत नाही. पाय दिवसभर खाली लोंबत राहिल्याने सूज येते, पाणी साठतं, आणि स्नायू गेला तरी काटा तेवढाच राहतो. काहींचा स्नायू आटतो आणि त्या जागी चरबी वाढते. म्हणून आकड्याबरोबर रुग्णाच्या अंगावर नजर हवी आणि ती नजर फोनवरून पोहोचत नाही. फोनवर आम्हाला विचारलं गेलं, ‘वजन साधारण किती असेल?’ आम्ही साधारण सांगितलं. ते साधारण वजन कागदावर खरं म्हणून नोंदलं गेलं.

दुसरी तक्रार, भुकेबद्दल कुणी विचारतच नाही. भूक मोजण्यासाठी रक्ताची तपासणी किंवा मशीन लागत नाही. भुकेच्या प्रश्नावल्या तयार आहेत. त्यातली एक प्रचलित प्रश्नावली फक्त आठ प्रश्नांची आहे. भूक कशी आहे, किती खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं, अन्नाची चव कशी लागते, दिवसातून किती वेळा जेवता, असे साधे प्रश्न. बाहेर थांबलेल्या वेळेत घरचा माणूससुद्धा त्या भरून देईल. वजन कमी दिसायच्या आधी भूक कमी होते. त्या टप्प्यावर कळलं, तर पुष्कळ गोष्टी करता येतात. मळमळ आणणारं औषध बदलता येतं, बद्धकोष्ठतेवर उपाय करता येतो, रात्रीचा श्वास तपासता येतो, नैराश्यावर उपचार करता येतात. भूक गेली एवढी एकच तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा श्वास तपासावा, हे किती क्लिनिकमध्ये घडतं?

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. ती चुकीच्या सल्ल्यांबद्दल आहे. निदान झाल्यावर वेगवेगळ्या विभागांतून आम्हाला ऐकायला मिळालं, की वजन थोडं कमी ठेवा म्हणजे पायांवर भार येणार नाही. कोलेस्टेरॉल जरा जास्त आहे, स्निग्ध पदार्थ बंद करा. वजन उतरलेलं बघून एकांनी तर ‘छान, तब्येत हलकी झाली’ असं कौतुकही केलं. हे सगळे सल्ले इतर माणसांसाठी योग्य असतील. एमएनडीच्या बहुतेक रुग्णांसाठी ते उलट्या दिशेने नेणारे आहेत. एस्पेनच्या त्याच सूचनांत म्हटलं आहे, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ पेक्षा कमी असलेल्या रुग्णाने वजन वाढवण्याचा प्रयत्न करावा, २५ ते ३५ असलेल्याने आहे ते टिकवावं, आणि त्याहून जास्त असेल तरच हालचाल सोपी व्हावी म्हणून कमी करण्याचा विचार करावा. हृदयविकाराचा धोका पुढच्या वीस वर्षांचा असतो. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांना निदानानंतर वीस वर्षं मिळत नाहीत. अनेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते चार वर्षंच मिळतात. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण याच कारणासाठी सल्ला देणाऱ्या प्रत्येक विभागाने रुग्णाच्या फाइलवरचं निदान आधी वाचायला हवं.

जास्त खाल्लं की आजार थांबतो, असा दावा मी करत नाही. जर्मनीत २०० च्या आसपास रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. रोज ४०५ कॅलरींचं जादा स्निग्ध पेय दिलेल्या आणि न दिलेल्या गटांच्या आयुष्यात एकूण लक्षणीय फरक दिसला नाही. आजार वेगाने वाढणाऱ्या रुग्णांचा गट नंतर वेगळा काढून पाहिला, तेव्हा फायदा दिसला. त्यावर पुढे काम व्हायला हवं. खोट्या आशेने कुणाची फसवणूक होऊ नये, असं मलाही वाटतं. पण जादा पेय आयुष्य वाढवतं का हा एक प्रश्न झाला आणि माणसाला उपासमारीने आटू द्यायचं का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणत्याही नव्या चाचणीची वाट बघावी लागत नाही.

पोटातल्या नळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दहा टक्क्यांच्या नियमाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. गिळणं कठीण झालं की गॅस्ट्रोस्टोमी करून पोटात नळी बसवता येते. हा निर्णय शांतपणे, वेळेवर घ्यावा लागतो. श्वासाची क्षमता अपेक्षेच्या ५० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी नळी बसवावी, हे अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकादमीने १९९९ मध्येच सांगितलं होतं. ब्रिटनमधल्या २४ केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. निदानानंतर दहा टक्क्यांहून जास्त वजन घालवून मग नळी बसवलेल्यांना तिचा फायदा कमी झाला. म्हणून पाच टक्क्यांच्या आसपासच नळीचा विचार व्हावा, असं त्या संशोधकांनी सुचवलं. आता तुमच्या नियमाने काय होतं पाहा. दहा टक्के गेल्यावर चिठ्ठी. मग आहारतज्ज्ञांची तारीख. मग त्या सांगतील तेव्हा गॅस्ट्रोस्टोमीसाठी पुढची चिठ्ठी. तोवर श्वास आणखी उतरलेला असतो, आणि ज्या डॉक्टरांनी नळी बसवायची ते धोका आहे म्हणून मागे सरतात. त्यांचं म्हणणं बरोबरच असतं. उशीर त्यांनी केलेला नसतो.

नळी नको म्हणायचा अधिकार रुग्णाचा आहे आणि तो कायम राहिला पाहिजे. माझ्या पतींनी अजून ठरवलेलं नाही. कधी हो म्हणतात, कधी नको. पण नको म्हणायचं असेल, तर नळी बसवणं शक्य असताना, काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे समजून म्हणता यावं. नळी बसली म्हणून तोंडाने खाणं बंद होत नाही; सुरक्षित असेल तेवढं, आवडीचं, चवीपुरतं खाता येतं. औषधं आणि पाणी नळीतून गेलं की जेवणाची लढाई बरीच कमी होते. हे आम्हाला आहारतज्ज्ञांनी समजावलं, डॉक्टरांना तेवढा वेळ नव्हता. वेळ नसल्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. म्हणून तर त्या खोलीत दुसरं माणूस हवं.

चौथी गोष्ट ज्या रुग्णांबद्दल आहे, त्यांची बाजू फार कमी लिहिली जाते. एमएनडीच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये विचार किंवा वागणुकीत कमी-अधिक बदल होतात, आणि दहा-पंधरा टक्क्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे वागणूक आणि विचार बिघडवणारा मेंदूचा आजारही होतो. अशा काहींची भूक जात नाही, उलट वाढते. गोडाची ओढ लागते, एकच पदार्थ सारखा मागितला जातो, तोंडात घास असताना दुसरा कोंबला जातो. गिळणं दुबळं असताना हे जिवावर बेतू शकतं. घरच्यांना वाटतं, माणूस हट्टी झाला. त्याच्याशी भांडणं होतात, ताट लपवलं जातं. हा मेंदूतला बदल आहे आणि घास लहान ठेवण्याच्या, समोर एका वेळी थोडंच ठेवण्याच्या युक्त्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलं तर कितीतरी घरांतली कटुता टळेल. वजन घटण्यावरच बेतलेल्या नियमात या माणसांना जागाच नाही. त्यांचं वजन घटत नाही, म्हणून ते आहारतज्ज्ञांपर्यंत कधीच पोहोचणार नाहीत.

घरात काय चालतं तेही लिहायला हवं. या आजारात पोट भरण्याआधी हात आणि जबडा दमतो. ताटातलं गार होतं, गरम करून आणलं की मन उडालेलं असतं. पातळ पाण्याचा ठसका लागतो, म्हणून ते घट्ट करून द्यावं लागतं, आणि घट्ट पाणी प्यायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे पाणीही कमी जातं. लोकांसमोर खोकला येईल या भीतीने माणूस चारचौघांत खायचं टाळतो. मी ‘अजून दोन घास’ म्हणत राहते, ते मान फिरवतात, आणि दोघांनाही वाईट वाटतं. दिवसातून तीन वेळा. खाऊ घालणं हा मायेचा भाग होता, तो दोघांसाठी परीक्षेचा होऊन बसला आहे. आहारतज्ज्ञ बाई होत्या तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली. घासांची संख्या वाढवण्याऐवजी प्रत्येक घासातल्या कॅलरी वाढवायच्या, असं शिकवलं. कमी खाऊनही जास्त पोटात जाऊ लागलं, माझं मागे लागणं कमी झालं. त्यांच्याबरोबर बोलणं आणि गिळणं बघणाऱ्या स्पीच थेरपिस्ट होत्या, त्यांनी हनुवटी कशी ठेवायची, किती घट्ट द्यायचं हे दाखवलं. ही मदत मिळायला आमचं वजन दहा टक्के घटावं लागलं नव्हतं. नव्याने निदान झालेल्या घराला ती मिळणार नाही, म्हणून मी अस्वस्थ आहे.

मनुष्यबळ कमी आहे, या उत्तराचा मी विचार केला. ते खोटं नसेल. पण उशीर झाल्यावर येणारं काम जास्त असतं. छातीत अन्न जाऊन झालेला न्यूमोनिया, पाणी कमी पडल्याने तातडीची भरती, घाईत घातलेली नाकातली नळी, हे सगळं याच मनुष्यबळाला करावं लागतं. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली मोटर न्यूरॉन आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दर दोन ते तीन महिन्यांनी तज्ज्ञांच्या चमूने रुग्णाला एकत्र तपासावं असं म्हटलं आहे, त्या चमूत आहारतज्ज्ञ आहेत, आणि प्रत्येक वेळी वजन, आहार, पाणी आणि गिळणं बघायला सांगितलं आहे. हा कुणाचा हट्ट नाही, रुग्णसेवेची मान्य झालेली रीत आहे.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

दहा टक्क्यांची अट काढून टाका. निदान झाल्याबरोबर प्रत्येक रुग्णाला आहारतज्ज्ञांकडे पाठवा, वजन उत्तम असलं तरी. आजारापूर्वीचं नेहमीचं वजन त्याच दिवशी विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. नंतर ते कुणाला नीट आठवत नाही.

आहारतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांना क्लिनिकच्या दिवशी त्याच ठिकाणी बसवा. हलता न येणाऱ्या माणसाला वेगळ्या दिवशी, वेगळ्या इमारतीत बोलावणं म्हणजे त्याला न बोलावण्यासारखंच आहे.

व्हीलचेअरसकट वजन करणारा काटा क्लिनिकमध्ये ठेवा आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाचं वजन करा. फोनवरची तपासणी ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी असू द्या, पण त्यांच्या घरी जाऊन वजन किंवा दंडाचा घेर मोजण्याची सोय करा. अंदाजाने सांगितलेलं वजन अंदाज म्हणूनच नोंदवा.

भुकेचे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. उत्तर वाईट आलं, तर ‘टेन्शन’ म्हणून पुढे जाण्याआधी श्वास, पोट, औषधं आणि मन या चारही गोष्टी बघितल्याची नोंद करा. भूक फार वाढली असेल तर तेही लिहा.

नळीबद्दलचं बोलणं गिळणं चांगलं असतानाच सुरू करा, घरच्यांना सोबत बसवून. पाच टक्के घट दिसली की तो विषय पुन्हा काढा. रुग्ण नको म्हणाला तर त्याचा मान राखा, आणि मत बदलण्यासाठी किती वेळ हातात आहे हे त्याला स्पष्ट सांगा.

आणि रुग्णाच्या फाइलवर ठळक लिहा, की तज्ज्ञांना विचारल्याशिवाय वजन कमी करण्याचा किंवा स्निग्ध पदार्थ तोडण्याचा सल्ला देऊ नये. याला पैसे लागत नाहीत, मनुष्यबळ लागत नाही. हे उद्यापासून करता येईल.

हा आजार आज बरा करता येत नाही, हे आम्ही स्वीकारलं आहे. तुमच्याकडे आम्ही चमत्कार मागायला येत नाही. जे बदलता येण्यासारखं आहे, त्यात उशीर होऊ नये, एवढं मागतो. हा नियम कोणत्या आधारावर केला आणि तो कधी बदलणार, याचं उत्तर लेखी आणि जाहीर द्यावं, अशी विनंती आहे. ज्या क्लिनिकमध्ये असा नियम लिहिलेला नाही पण वागणूक तशीच आहे, त्यांनीही वजनाचे रकाने किती रुग्णांच्या बाबतीत कोरे आहेत ते मोजावं आणि आकडा सांगावा.

आपली विश्वासू,
मोटर न्यूरॉन आजाराच्या एका रुग्णाची पत्नी